यंत्राची हळद

तुयेच्या कारखान्यात यीस्ट तयार होतं, आणि ते वाढतं कसं हे पाहायचं काम भाग्यलक्ष्मीबाईंच्या प्रयोगशाळेचं. यीस्टवर नजर ठेवता ठेवता बाईंना माणसांवरही नजर ठेवायची खोड लागली होती. दसऱ्याला कोमलने एकटीने घेतलेल्या नोंदी बघून आज त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“मॅडम, हिणें यीस्ट एक तास आदींच घातलां,” प्रयोगशाळेतलाच गौरेश कानाशी लागला. “दसऱ्याक बेगीन घरा वचपाक!”

कोमल हद्दीपलीकडच्या सातार्ड्याहून येणारी, कंत्राटी. लवकर घरी जायला केलेली लबाडी ठरली तर आजच नोकरी जाणार.

“मिया आदी घालूक नाय, मॅडम. देवाशपथ,” ती दाराशी उभी राहून म्हणाली.

पाणी कुठंतरी मुरतंय, बाईंना वाटलं. गौरेशवर त्यांचा संशय नव्हता. तो पेडण्याचा, ओळखीतला. आपला तो बाब्या!

बाईंनी दोघांचे आलेख एकमेकांवर ठेवले. यीस्ट तासाला दुप्पट होतं, आणि त्याचं पाणीही तितकंच गढूळ. गौरेशने आदल्या आठवड्यात यंत्रावर मोजलेले गढूळपणाचे आकडे होते एक, दोन, चार, आठ. कोमलचा पहिलाच आकडा दोन. सापडली! तासभर आधी घातलं की आलेख तसाच्या तसा डावीकडे सरकणार, म्हणजे दोन, चार, आठ, सोळा.

पण कोमलचे पुढचे आकडे होते तीन, पाच, नऊ. बाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. हा आलेख डावीकडे सरकलाच नव्हता. प्रत्येक तासाला बरोबर एक जास्त, म्हणजे अख्खाच्या अख्खा वर उचललेला. असं असेल तर यंत्रात नुसतं पाणी ठेवलं तरी शून्याऐवजी एक दिसायला हवा.

त्यांनी पाणी ठेवलं. एक दिसला.

बाईंना एकदम आठवलं. खंडेनवमीला सकाळी यंत्राचं शून्य त्यांनीच लावलं होतं, आणि मग पूजा. नुसत्या झाकणाला हळदकुंकू लावून समाधान होईना, म्हणून आतसुद्धा बोट टेकवलं होतं. त्यांनी झाकण उघडलं. उजेड जायच्या काचेवर पिवळं बोट उमटलेलं होतं. गौरेश खिडकीबाहेर बघू लागला.

“कोमल, ही हळद तुला दिसली नाही?”

“दिसलेली.”

“मग पुसली का नाहीस गं?”

“पुजेची हळद, मॅडम. ती पण तुमी लावलेली,” कोमल म्हणाली. “पुसूची कशी?”