कॅप्टनचं विमान

“नटबोल्ट, खुर्ची पुसलीस का? बाई येतायत.”

“पुसली, साहेब.”

वैमानिक शाळेतल्या नकली कॉकपिटची ती खुर्ची मी दोन वर्षं पुसत होतो. त्याआधी तिथल्या सगळ्या संगणकांचा तंत्रज्ञ मीच होतो. एके दिवशी मुलांच्या सरावाच्या नोंदी पुसल्या गेल्या आणि कॅप्टननी सगळ्यांसमोर माझ्याकडे बोट दाखवलं. “मी कशाला हात लावला नाही हो,” असं दहादा म्हणालो. कोण ऐकतंय! हातात फडकं आलं, आणि वर हे ‘नटबोल्ट’.

आमचं उड्डाणाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्याचा कोड कुणालाही वाचता येतो. मी तो वाचला. रोज सकाळी, कामावर निघण्याआधी तासभर. दीड वर्षाने फट सापडली. इंटरनेटवरून कुठूनतरी उतरवून घेतलेलं विमान त्यात उघडलं, की ते संगणकावरची हवी ती फाइल पुसू शकतं. विचारत नाही, सांगत नाही. कॅप्टनना अशी नवनवी विमानं इंटरनेटवरून उतरवून घ्यायचा भारी सोस. नोंदी गेल्या त्या दिवशीही त्यांनी एक उघडलं होतं. त्यांना हे ठाऊक नव्हतं, कबूल. पण मला तरी कुठे ठाऊक होतं?

मग मीच एक विमान बनवलं. ते तरुणपणी उडवायचे तेच, पाण्यावर उतरणारं. खिळान्‌खिळा जागच्या जागी बसवला, पोटात विष भरलं आणि ते ज्या साइटवरून विमानं घेत तिथे ठेवून दिलं. मुलांच्या नोंदींची प्रत मात्र आधीच काढून खिशात ठेवली. पोरांनी माझं काय घोडं मारलं होतं?

संचालकबाई आल्या. कॅप्टन ऐटीत खुर्चीत बसले.

“बघा बाई, हे माझं विमान! अगदी हुबेहूब!”

विमान पाण्यावरून सुरेख उचललं गेलं. कॅप्टनचे डोळे भरून आले होते. क्षणभर वाटलं, थांबवावं. नाही थांबवलं. शेजारच्या पडद्यावरचा नोंदींचा तक्ता कोरा झाला.

“कॅप्टन, हे काय केलंत?”

“मी... मी कशाला हात लावला नाही हो.”

बाई माझ्याकडे वळल्या. “असं आपोआप होऊ शकतं का?”

फटीचं सांगितलं असतं, तर माझं नाव तिथल्या तिथे धुऊन निघालं असतं. पण त्यांचंही निघालं असतं.

“आपोआप कसं होईल, बाई?” मी म्हणालो.

कॅप्टन माझ्याकडे बघतच राहिले. खोटं कशाला बोलू, जिवाला गार वाटलं.

आठवड्याभरात ते राजीनामा देऊन गेले. मी खिशातली प्रत काढून दिली, तेव्हा बाईंनी माझी जुनी जागा मला परत दिली. वर समजूतही घातली, “चूक कुणाकडूनही होते. तुमच्याकडून झाली, तशी त्यांच्याकडून.”

मी मान हलवली. दुसरं काय करणार होतो?

पुढे ती फट सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना कळवली. त्यांनी ती बुजवली, आभार मानले आणि त्यांच्या रीतीप्रमाणे विचारलं, फट शोधणाऱ्याचं नाव जाहीर करतो, काय लिहू?

“द्या की नाव,” बायको म्हणाली. “चांगलं काम केलंत ना?”

मी ‘नाव नको’ असं लिहून पाठवलं.