रिकाम्या ड्रमचं वजन

भनपुरीच्या त्या आवारात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी कचरा निवडायच्या या जागेवरून जाताना नाकाला रुमाल लावणारी माणसं आज त्याच वासात हात जोडून उभी होती. पंडरीचे कापडवाले आले, ट्रकवाले आले, बायका आरतीची ताटं घेऊन आल्या. कचऱ्याच्या फाटकाबाहेर नारळांचे ठेले लागले होते! आता या लोकांना काय म्हणावं?

घुरवाबाबा येणार होता. छत्तीसगढीत घुरवा म्हणजे खताचा खड्डा, आणि बाबाला खड्डासुद्धा लागत नव्हता. ड्रममध्ये दोन टोपल्या ओला कचरा टाकायचा, मंत्र म्हणत ड्रम एकवीस वेळा उलटायचा, की झाकण उघडताच काळंभोर, मातीच्या वासाचं खत! गेल्या गुरुवारी शेकडो लोकांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

विजयानंही पाहिलं होतं, आणि म्हणूनच तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. ती शहराच्या स्वच्छता कक्षात कारकून. छत्तीसगढ राज्य होऊन तीनच वर्षं झालेली. राजधानी नवी, योजना नव्या. कचऱ्यासाठी राज्याचं अनुदान मिळायचं होतं आणि अर्ज आज पाचपर्यंत सचिवालयात पोचायला हवा होता. दोन महिने खपून विजयानं तो लिहिला होता: इथं कचरा निवडून खत करणाऱ्या बत्तीस बायांसाठी शेड, नळ, हातमोजे, खताचे चौथरे. मागच्याच महिन्यात त्यांतल्या कमलाचा तळहात फुटक्या बाटलीनं चिरला, सात टाके पडले, आणि चौथ्या दिवशी ती पट्टी बांधून पुन्हा ढिगावर. ते हातमोजे विजयाच्या डोळ्यांपुढून हलत नव्हते.

आणि काल कक्षाचे प्रमुख शिशिरसाहेब यांनी शेड-हातमोज्यांच्या पानावर लाल फुली मारली. "शेड कशाला, विजयाताई? बाबाजी घटकेत खत करून राहिले. पन्नास ड्रम लिहा."

विजया बोलणार कोणत्या तोंडानं? गुरुवारी बाबानं वाटलेली खताची पुडी तिनं घरी नेऊन तुळशीत टाकली होती आणि तुळस तरारली होती. चार पानं फुटली काय, बाई गप्प बसली!

बाबा ट्रकमधून आला. भगवी कफनी, मागे हिरालाल नावाचा चेला आणि भगव्या कापडात गुंडाळलेला लोखंडी ड्रम. ड्रमला वर झाकण, खाली झाकण. मधोमध दोन खुंट्या, त्यांवर तो स्टँडला टांगलेला, गरगर फिरवता यावा म्हणून.

"बोलो कचरा मैया की जय! बेटा, सब कुछ माटी होना है. मैं तो बस जल्दी करा देता हूँ." बाबानं वरचं झाकण उचललं. "देख लो, खाली है!"

पुढच्या चौघांनी वाकून पाहिलं. आतून ड्रम काळा रंगवलेला. काळ्या रंगात अंधार, त्यात काय दिसणार कपाळ! पण मान डोलवायला काय जातं?

विजयानं घड्याळ पाहिलं. साडेतीन. "साहेब, चौदावा रकाना कोरा आहे. कचरा किती किलो टाकला, खत किती किलो निघालं, ते लिहावं लागतं. नाहीतर अर्ज परत येईल."

"मग तोला ना टोपल्या. काटा आहेच इथं."

"टोपल्या मागून," गर्दीतून आवाज आला. भीमाबाई, बत्तीस बायांची म्होरकी. "पहिले खाली ड्रम तोला."

"काहून?" साहेब वैतागले.

"काहून म्हंजे? वीस वरसं झाली, कबाडी मले लुटून राहिला. रिकामं भांडं तोलल्याबिगर मी माल देत नाही. भगवान आला तरी नाही."

बाबा लगबगीनं पुढे आला. "माता, ड्रम को स्त्री का हाथ नहीं लगना चाहिए. सिद्धी टूट जाएगी."

"कचऱ्याले दिवसभर आमचाच हात लागते, तवा नाही टुटत?"

लोक हसले. हसणं ऐकून विजयाला धीर आला. तिनं फाइल साहेबांपुढे धरली. "साहेब, वेळ होऊन राहिला."

साहेबांनी फाइलकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. "तोलून टाका, बाबाजी. दोन मिनिटांचं काम."

चार बाया ड्रम काढायला गेल्या तर तो हलेना. सहा जणींनी कसाबसा काट्यावर ठेवला. चौऱ्याऐंशी किलो!

"खाली ड्रम वीस किलोचा राहते," भीमाबाई म्हणाली. "आम्ही किती तरी विकले."

"तपस्या का भार है, बच्चा!"

"चौसष्ट किलो तपस्या?" मागून कुणीतरी विचारलं, आणि सारं आवार खदखदलं.

विजयानं भगवं कापड ओढून काढलं. "बाबाजी, कचरा तर अजून टोपलीतच आहे. मग खालचं झाकण उघडायला हरकत काय?"

"अभी समय नहीं हुआ!"

बाया समयासाठी थांबल्या नाहीत. त्यांनी ड्रम आडवा पाडून खालचं झाकण काढलं. भसकन खत विजयाच्या पायांवर सांडलं. तिनं वरच्या तोंडातून हात घातला; निम्म्यावरच तो पत्र्याला लागला. ड्रमचे दोन कप्पे होते! वर रिकामा, खाली खतानं भरलेला. कचरा पडायचा वरच्यात. एकवीस पलट्या झाल्या की खालचा कप्पा वर यायचा. दोन्ही झाकणं सारखी, अंगावर कापड. कोणतं तोंड कोणतं, कोण बघतो?

भीमाबाईनं मूठभर खत उचलून बोटांनी चोळलं. आत करडी राख आणि अर्धवट जळका धानाचा भुसा होता. तिचा चेहराच बदलला.

"अवो बाई, हे तं आमचं आहे! राईस मिलची राख आम्हीच टाकतो ढिगात. ह्या हिरालालनंच तं नेले खताचे बोरे भरून, नर्सरीवाला म्हणून!"

हिरालाल ट्रककडे सटकत होता. बायांनी त्याचा गमछाच धरला. "बाबाजी ने बोला था," तो रडवेला होऊन म्हणाला.

विजयाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जे खत या बाया उघड्या हातांनी करत होत्या, तेच तिनं बाबाच्या हातून कपाळाला लावून घेतलं होतं. तुळस फुलली यात नवल ते काय? खत खरंच होतं. खोटा होता तो बाबा.

शिशिरसाहेबांनी खाली मान घालून पेन काढलं. लाल फुलीशेजारी लिहिलं, 'पूर्वीचं पान कायम', आणि सही केली. "मी पण माथा टेकला होता, ताई," ते हळूच म्हणाले.

चौदाव्या रकान्याचं उत्तर भीमाबाईला तोंडपाठ होतं. "शंभर किलो टाकलं तं पस्तीस निघते. पन्नास दिवस लागतात. उलटवा लागते, पाणी शिंपा लागते. मंत्र लागत नाही."

बंदोबस्ताला आलेल्या पोलिसांनी बाबाला गाडीत बसवलं, गर्दी पांगू लागली. मंडळी, हात जोडायला कुणाची ना नाही. पण जोडण्याआधी त्याच हातांनी रिकामं भांडं काट्यावर ठेवून बघा. जो ठेवू देत नाही, त्याच्या पोटात काहीतरी आहे असं खुशाल समजा. शाळेचं तोंड न पाहिलेल्या भीमाबाईला हे कळलं. आपण तर चार बुकं शिकलेली माणसं.

चार वाजले होते. विजया फाइल छातीशी धरून ऑटोत बसली. बाबासाठी भरलेल्या दोन टोपल्या तशाच पडल्या होत्या. कमला त्यांच्यापुढे उकिडवी बसली आणि पट्टीच्या हातानं काच वेगळी काढू लागली. विजयानं पुन्हा एकदा फाइल उघडून पाहिलं. हातमोजे, बत्तीस जोड्या. पान जागेवर होतं.

"भैया," ती म्हणाली, "जल्दी चलो."