मोठी काळी म्हैस

मेढ्याच्या हायस्कुलात इंग्रजी म्हणजे लालासाहेब सर, हे तालुक्याला ठाऊक होतं. कुणाला सरकारी अर्ज इंग्रजीत हवा असला की लोक त्यांच्याच दाराशी यायचे. पण स्वतःच्या बायकोला शिकवणं काही त्यांना जमलं नाही.

विजयमाला नववीतून उठून लग्न होऊन आलेली. पोरं शाळेत जायला लागली तसं तिनं मनावर घेतलं की मॅट्रिकला बाहेरून बसायचं. पास झाली तर बालवाडीवर बाई म्हणून लागता येणार होतं. लालासाहेबांनी चार दिवस शिकवलं, पाचव्या दिवशी पुस्तक आपटलं. "एवढं साधं कळंना व्हय तुला?" तिनं डोळे पुसले आणि भाकरी थापायला बसली. तेव्हा त्यांनीच सुचवलं, "नव्या मास्तराकडं जा. रविवारी बायकांचा वर्ग घेतोय."

नवा मास्तर म्हणजे बिराप्पा. जतकडचा धनगराचा पोरगा, बी.ए. झालेला, अजून लग्न नव्हतं. बोलायला मऊ. त्याचा आवाज कधी चढायचा नाही.

महिनाभरात घरातलं वारं फिरलं. विजयमाला चूल फुंकताना इंग्रजी पुटपुटायला लागली. एकदा गोठ्याकडं बघत म्हणाली, "बिग ब्लॅक बफलो."

"ब्लॅक बिग बफलो," लालासाहेबांनी खाटेवरूनच दुरुस्त केलं.

"न्हाई, आवं. आकार आदी, रंग मागनं. बिराप्पा सर म्हंत्यात, मराठीत काळी मोठी म्हैस बी चालती, मोठी काळी बी चालती. इंग्रजीत न्हाई चालत."

"मी पोरांना इतकी वर्सं काय शिकवलं मग?"

ती पुन्हा चूल फुंकायला लागली. तेच त्यांना झोंबलं. वर्गात त्यांनी फळ्यावर 'ब्लॅक बिग बफलो' किती वेळा लिहिलं असेल याला गणती नव्हती. 'ग्रीन कलर बँगल्स' तर दरवर्षीच. दोन दिवसांनी ती म्हणाली की ग्रीन म्हटलं की रंग आलाच, वर आणि कलर कशाला जोडायचा. आणि आपल्याकडं काळा, काळी, काळं होतं. इंग्रजीत बैल असू दे नाहीतर शेरडं, सगळी ब्लॅक. हे सांगताना तिचा चेहरा असा फुलला होता की लालासाहेबांच्या छातीत काहीतरी करपलं. तिच्या दर तिसऱ्या वाक्यात 'बिराप्पा सर म्हंत्यात' होतं.

पुढच्या रविवारी ते शाळेकडं गेले. वर्गाच्या खिडकीबाहेर चिंचेखाली थांबले. आत पाच-सहा बायका बाकांवर बसलेल्या. विजयमाला उभी होती. अडखळत, पण न घाबरता ती सांगत होती, "अवर बुलक इज व्हाइट. ही हॅज लाँग ब्लॅक हॉर्न्स."

"शाबास, वैनी! लय झ्याक," बिराप्पा म्हणाला.

ती हसली. पदर सावरून, मान खाली घालून, मनापासून हसली. त्यात वावगं काहीच नव्हतं, हे लालासाहेबांना दिसत होतं. पण तसं हसू त्यांच्या घरात कधी उमटलं होतं, हे त्यांना आठवेना. ते आल्या पावली परतले.

ती घरी आल्यावर ते म्हणाले, "आजपास्नं वर्ग बंद. लोक बोलत्यात."

"कोण बोललं?"

"बोलत्यात म्हनलं न्हवं!"

कुणीही बोललं नव्हतं. विजयमालानं पुस्तक फळीवर ठेवलं आणि वाद घातला नाही. मार्चात साताऱ्याला जाऊन परीक्षा तेवढी देऊन आली.

जूनमध्ये निकाल लागला. बाकी सगळ्या विषयांत पास, इंग्रजीत नापास. ऐकलं त्या क्षणी लालासाहेबांच्या जिवाला गारवा वाटला. बघ तुझ्या बिराप्पा सरांची विद्या, असं ओठावर आलं होतं. तेवढ्यात तीच बोलली.

"आपल्या जनावरांवर धा वाक्यं लिवायची व्हती. रंगासकट."

"मग? येत न्हवती?"

"येत व्हती की. पर लिवताना हात थांबला. तुमचं खरं धरावं का त्यांचं? नवरा मास्तर आसून त्याचं खोटं ठरवायचं कसं? मंग समदी तुमच्यासारखीच लिवली. ब्लॅक बिग, व्हाइट बिग. त्यात येळ गेला, फुडचं ऱ्हायलंच."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर त्यांना उलट बोलता आलं असतं. ते उठून गोठ्यात गेले. म्हशीला वैरण घातलेली होती, तरी पुन्हा घातली.

संध्याकाळी ते बिराप्पाच्या खोलीवर गेले. तो स्टोव्हला पंप मारत होता. घाईघाईनं उठला, सतरंजी झटकली.

"बसत न्हाई," लालासाहेब उभ्यानंच म्हणाले. "ऑक्टोबरला ती पुन्हा बसतीय. तिला शिकवा."

"धाडा की वैनींना, सर. मधीच का बंद केलं, मला उमगलंच न्हाई."

लालासाहेब जोड्याकडं बघत राहिले. "माझीच चूक झाली," एवढं त्यांच्या तोंडून निघालं. कसली चूक, ते त्यांनी सांगितलं नाही आणि त्यानं विचारलं नाही.

सोमवारी त्यांनी फळ्यावर 'बिग ब्लॅक बफलो' लिहिलं. एक पोरगी म्हणाली, "सर, मागं उलटं सांगितलं व्हतं." "ते चुकलं होतं," ते म्हणाले आणि पुढचा शब्द घेतला. कान मात्र तापले होते.

विजयमाला ऑक्टोबरला पास झाली आणि उन्हाळ्यानंतर बालवाडीवर लागली. शेजारपाजारचे पेढे खायला आले. आप्पासो पाटील म्हणाले, "घरातच मास्तर म्हंजे काय अडचन! शिकवलंसा बगा बायकोला."

दारात बिराप्पाही उभा होता. विजयमाला त्याला वाटीत पेढे देत होती आणि तेच हसू हसत होती. लालासाहेबांच्या मनात जुना काटा पुन्हा सलला.

"मी न्हाई," ते म्हणाले. "ह्या बिराप्पा सरांनी शिकवलं."

बोलून झालं तरी काटा काही हलला नाही. पण विजयमालानं वळून त्यांच्याकडं बघितलं, आणि हातातला पेढा आधी त्यांना दिला.