ढगळ झगे

शिवणकारखान्यात गुंड्यांची काजं करणाऱ्या काजवालीच्या पोटात तिसरं होतं, आणि तिच्या जमातीला तिसऱ्याची परवानगी नव्हती. पलीकडच्या गल्लीतल्यांना चार झाली असती तरी कुणी हूं की चूं केलं नसतं. यांना मात्र दोनवर कुलूप. वा रे न्याय! तपासणीच्या बायका शिवणकारखान्यात यायच्या, यांच्या बायकांना रांगेत उभं करून कमरेवरून नजर फिरवायच्या. संशय आला की गाडीत घालायच्या. बाई परत यायची ती मूल पाडून, पिशवी काढून. काजवालीची जाऊ अशीच परत आली, ती पुन्हा कधी मनापासून हसली नाही.

त्याच सुमारास कामगारांना नवे झगे शिवायचं ठरलं. मापं घ्यायला कटिंग मास्तर आले. ते पलीकडच्या गल्लीतले, तोंडाने फटकळ, पण कात्री अशी की आजवर सूतभर इकडची तिकडे झाली नव्हती. काजवालीच्या कमरेभोवती टेप आला आणि थांबला. मास्तरांनी वर पाहिलं. तिने श्वास रोखून पोट आत ओढलं.

"श्वास सोड, बाई," ते म्हणाले. "माप घ्यायचंय, जीव नाही."

पुढच्या आठवड्यात झगे आले. एकेक झगा म्हणजे तंबू. दोघी मावतील एवढा. बायका हसून हसून बेजार झाल्या, काजवालीही हसली. साहेब तणतणले, "अख्खा तागा वाया घालवलात!"

मास्तर मान खाली घालून म्हणाले, "चष्म्याचा नंबर बदललाय, साहेब. चुकलं."

दुसरं कापड नव्हतं, तेच घालावे लागले. मास्तरांना कटिंगच्या टेबलावरून उठवून दोरे कापायला बसवलं. तपासणीच्या बायका आल्या. रांगेतल्या साऱ्याच बायका ढगळ; कुणाकुणावर संशय घेणार? नजर काजवालीवरून तशीच पुढे गेली. तेव्हा कुठे तिच्या डोक्यात उजेड पडला. तिचा एकटीचाच झगा मोठा केला असता तर तीच नजरेत भरली असती. मास्तरांनी सगळ्यांनाच तिच्या मापात घातलं होतं, आणि आपलं जन्माचं नाव घालवलं होतं.

बहिणीकडे जाऊन ती बाळंत झाली. तो नियम उठेपर्यंत पोर मावशीची म्हणूनच वाढली.

पोर कामाला लागायच्या वयाची झाली, तेव्हा काजवाली तिला घेऊन मास्तरांच्या घरी गेली. म्हातारा खिडकीशी बसून कुणाची तरी विजार उसवत होता. डोळ्यांवर चष्मा नव्हता. सुईत दोरा पहिल्याच फटक्यात ओवला.

"हिच्या पहिल्या नोकरीचा झगा शिवायचाय," काजवाली म्हणाली. मग तिला राहवेना. "मास्तर, ही तुमच्यामुळे आहे. इतकी वर्षं बोलायची चोरी होती. तुमचे उपकार मी कसे फेडू?"

"कसले उपकार? चूक झाली होती माझी," मास्तर गुरगुरले आणि टेप घेऊन उठले. "सरळ उभी राहा, पोरी."

त्यांनी पोरीच्या कमरेभोवती टेप घेतला. ती अवघडून ताठ झाली होती.

"श्वास सोड," मास्तर म्हणाले.