बहिणीसाठीचं पाकीट

शर्टांच्या कारखान्यात तिला सगळे चेकरबाई म्हणत. उसवलेली शिवण, तिरपं काज, बटणाचा एक टाका कमी, काही म्हणजे काही तिच्या नजरेतून सुटायचं नाही. स्वतःच्या आतड्यातली गाठ मात्र यकृतात मुळं रोवून बसली तेव्हा कळली. नशिबाची थट्टा, दुसरं काय!

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. पेशी वाढताना जनुकांची नक्कल होते, नकलेत चुका होतात आणि त्या दुरुस्त करणारी जनुकंही असतात. त्यांची एक प्रत आईकडून मिळते, एक वडिलांकडून. तिची एक जन्मापासूनच बिघडलेली होती. एखाद्या पेशीत दुसरीही बिघडली, की चुका साचत जातात. असं असलेल्या प्रत्येकाला कॅन्सर होतोच असं नाही, पण धोका पुष्कळ.

"म्हणजे चेकरच रजेवर," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "आधी माहीत असतं तर दरवर्षी दुर्बिणीने बघून सुरुवातीलाच काढून टाकता आलं असतं. घरात कुणाला होता?"

"छे हो. वडील अल्सरने गेले." त्यांच्या घरात त्या रोगाचं नाव घ्यायचं नाही, अल्सर म्हणायचं, हे बोलता बोलताच तिच्या लक्षात आलं.

तिथून ती तडक भावाकडे गेली. निदान तो तरी वाचावा!

"दादा, उद्याच्या उद्या तपासून घे."

वहिनी उठून स्वयंपाकघरात गेली. मग दादाने कपाटातून हॉस्पिटलचं एक बंद पाकीट काढलं. वर छापलं होतं, 'रक्ताच्या नातेवाइकांना द्यावे', आणि खाली पेनाने 'बहीण'. तारीख चार वर्षांपूर्वीची. दरवर्षी तो ट्रेनिंगला म्हणून जायचा तो या तपासणीलाच, हे आता त्याने सांगितलं. दोनदा गाठी काढून आला होता. वहिनीही सोबत जायची, आणि ते दोन-चार दिवस इथल्या कुंड्यांना पाणी घालायला हीच यायची.

"पोरीचं लग्न जमत होतं गं. बाहेर फुटलं असतं तर?"

"मी बाहेरची?"

"तुमच्या पोटात काही राहतं का?" वहिनी आतून म्हणाली.

"राहिली ना गाठ!" ती ओरडली आणि बाहेर पडली.

भाचीला तरी कळायला हवं, म्हणून ती तिच्या सासरी गेली. भाचीने दार उघडलं, तशी आत्याने उंबऱ्यातच सगळं एका दमात सांगून टाकलं.

भाचीने मान खाली घातली. "मला माहितीये, आत्या. लग्नाआधीच बाबांनी माझी तपासणी करून घेतली. माझ्यात नाहीये ते."

आत्याला खरंच बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा संतापही आला. "कधी केली?"

"तीन वर्षं झाली."

"लग्न झालं, तुझ्यात काही निघालं नाही. मग तरी सांगायचं!"

"मी म्हणत होते, सांगू या." भाची म्हणाली. "बाबा म्हणाले, आता इतक्या उशिरा सांगितलं तर तू रागावशील."