पासपोर्टावरची वैजयंती

मी एक पासपोर्ट बोलतोय. रंग गडद निळा, पानं कोरी करकरीत, वय अवघं दहा आठवडे. इतक्या कोवळ्या वयात माझ्यासारख्यानं खरं तर विमानतळाची स्वप्नं बघत मजेत पडून राहावं. पण माझ्या वाट्याला आलं साउथहॅम्प्टनमधल्या एका स्वयंपाकघरातलं कपाट, आणि त्यातही भाजणीच्या डब्यामागची जागा. तिथं मला चक्क लपवून ठेवलं होतं. माझ्याच मालकिणीनं, तिच्याच पोराच्या धास्तीनं!

मालकीण म्हणजे सत्तरीला टेकलेल्या रिसबूडबाई. जीपीच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या, दवाखान्यात रिसेप्शनवर त्यांनी सत्तावीस वर्षं काढली. यजमान विष्णूराव इथल्या बंदरात इंजिनिअर होते, ते दोन वर्षांपूर्वी गेले. एकुलता एक मुलगा परीक्षित, जन्मानं साउथहॅम्प्टनचा, आता लंडनच्या हाउन्सलोला राहतो. त्याची बायको कस्तुरी पुण्याची, मुलगी मायरा नऊ वर्षांची. बाईंना सगळे सुनेत्रा म्हणून ओळखतात. दवाखान्यातल्या लोकांना तेवढंही जड जायचं, ते नुसतं 'सू' म्हणून मोकळे व्हायचे. आणि माझ्या पोटात, बाईंच्या फोटोशेजारी, छापलंय वैजयंती.

सगळा घोळ इथंच आहे बघा.

आता तुम्ही म्हणाल, ही वैजयंती कोण? तर बाईंच्या आईनं हौसेनं ठेवलेलं हे नाव. बावीस वर्षं त्या याच नावानं मिरजेत वाढल्या, शिकल्या, बीए झाल्या. अठ्ठ्याहत्तर साली लग्न झालं. रिसबुडांच्या घरात थोरल्या जाऊबाई आधीच वैजयंती होत्या. एका घरात दोन वैजयंत्या, हाक मारली तर दोघी धावत यायच्या, म्हणून नव्या सुनेचं नाव बदलायचं ठरलं. विष्णूरावांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं 'सुनेत्रा' लिहिलं, पेढे वाटले गेले आणि विषय संपला. चारच महिन्यांत जोडपं इंग्लंडला आलं. थोरल्या जाऊबाई राहिल्या मिरजेत. एवढ्या लांब कुणाची हाक कुणाला ऐकू जाणार होती, कप्पाळ! पण सुनेत्रा ती सुनेत्राच राहिली.

मग माझा जन्म कसा झाला, तर एका फॉर्मामुळे. जुन्या पासपोर्टाची मुदत संपली होती आणि नव्यासाठी बाई कॉम्प्युटरवर अर्ज भरत होत्या. त्यात एक प्रश्न आला, याआधी तुमचं दुसरं काही नाव होतं का? बाई तिथंच थांबल्या. चहा गार झाला तरी पुढचं बटण काही दाबलं गेलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी मैत्रिणीला, आशाताईंना, फोन केला. इथं नाव बदलायला डीड पोल नावाचं एक पान पुरतं. मी अमुक नाव सोडलं, तमुक घेतलं, खाली सही आणि दोन साक्षीदार. आशाताई आणि त्यांचे यजमान साक्षीला बसले. आडनावाचं काय, असं त्यांनी विचारलं तर बाई म्हणाल्या, ते राहू दे, त्याची सवय झालीय.

मी घरी आलो त्या दिवशी बाईंनी मला उघडलं आणि आतलं नाव हळूच वाचलं. मग पुन्हा वाचलं. खूश झाल्या होत्या हो, अगदी मनापासून. तेवढ्यात फोन वाजला. परीक्षितचा. "आई, गुड न्यूज. तिकीट्स बुक केले."

विष्णूराव चाळीस वर्षं बंदरातून कॅरिबियनला निघणारी मोठाली जहाजं बघायचे आणि दर वेळी म्हणायचे, रिटायर झालो की आपणही जाऊ. रिटायर झाले, मग गुडघे आले, मग हृदय आलं, आणि जाणं राहूनच गेलं. ते पोरानं मनावर घेतलं. ईस्टरच्या सुट्टीत बार्बेडोस, आठ दिवस, सगळ्यांनी. व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला, त्याला नाव दिलं 'बाबांची ट्रिप'. आणि बाबांच्या या ट्रिपचं आईचं तिकीट काढलं सुनेत्रा रिसबूड या नावानं. त्याला दुसरं नाव माहीतच कुठं होतं?

तिकिटावर एक आणि पासपोर्टावर एक, असं चालत नाही. विमानात घेतच नाहीत. मला हे कळतं, माझा धंदाच तो. बाईंनाही कळत होतं. त्याच फोनवर सांगून टाकलं असतं तर प्रश्न मिटला असता. पण पोरगा किती आनंदात बोलत होता, समुद्र पायऱ्यांपाशीच येतो म्हणे, बाबांचा फोटो घेऊन जाऊ म्हणे. बाईंची जीभ रेटेना. बाबांनी दिलेलं नाव काढून टाकलंय, हे त्याला आता सांगायचं कसं? त्यांनी मला भाजणीच्या डब्यामागे सारलं.

आणि मग सुरू झाली टाळाटाळ. परीक्षित हाडाचा प्लॅनर, त्याची रंगीत एक्सेल शीट होती. कासवं बघायची बोट कितीला, सनक्रीम कुठली, शाकाहारी काय मिळेल, सगळं तिथं. त्यात पासपोर्टाचा एक रकाना होता आणि तो आईच्या नावापुढे रिकामा होता. त्यानं माझा फोटो मागितला. बाईंनी सांगितलं, फोनचा कॅमेरा नीट चालत नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा मागितला, तर चष्मा सापडत नव्हता. तिसऱ्यांदा त्यांनी मला बाहेर काढलं आणि माझा नंबर फोनवर वाचून दाखवला. परीक्षितनं तो सुनेत्रा नावापुढे भरून टाकला. आता तर नंबर माझा आणि नाव दुसरंच! मी डब्यामागे तळमळत होतो. ज्या बाई सत्तावीस वर्षं पेशंटांना सांगत आल्या की नाव नीट सांगा हं, एका अक्षरानं औषध बदलतं, त्या बाई अशा वागत होत्या. राग यायचा मला. आणि दुपारी त्या एकट्याच खुर्चीत बसून राहिल्या की वाईटही वाटायचं.

निघायला नऊ दिवस उरले. रविवारी हाउन्सलोची मंडळी जेवायला आली. मायरा आजीला विचारत होती, तू पाण्यात साडी नेसून येणार का? जेवणं झाली आणि परीक्षितनं सगळ्यांचे पासपोर्ट ठेवायचं पाकीट टेबलावर काढलं. "आई, पासपोर्ट दे."

बाईंनी मला आणून दिलं. त्यानं मला उघडलं.

"आई, हा नाव कोणाचा आहे?"

उत्तराची वाट न बघता तोच म्हणाला, पासपोर्ट ऑफिसनं घोटाळा केलाय, दुसऱ्याच कुणाचं तरी छापलंय. उद्या सकाळीच फोन लावतो, तातडीचा नवा काढून घेऊ. बाईंनी नुसती मान डोलवली असती तरी त्या सुटल्या असत्या. पोरगा दुखावला नसता, ट्रिप वाचली असती आणि मी गेलो असतो रद्दीत. बाईंचे ओठ हललेही. मग त्यांनी टेबलाची कड धरली.

"चूक नाहीये ती. माझं नाव आहे. लग्नाआधीचं. मी मागून घेतलंय."

मग त्यांनी सगळं सांगितलं, मिरजेपासून डीड पोलपर्यंत. परीक्षित ऐकत होता आणि त्याचा चेहरा उतरत चालला होता. "बाबा होते तेव्हा का नाही केला?" तो म्हणाला. "ते गेले आणि तू त्यांचा नाव काढून टाकला."

"त्यांना विचारलं होतं रे मी," बाई म्हणाल्या. "तू शाळेत होतास. ते हसले. म्हणाले, आता त्या नावानं तुला हाक मारणार कोण? मला उत्तरच सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही."

परीक्षित उठला आणि मागच्या बागेत जाऊन उभा राहिला. स्वेटर न घालताच गेला. कस्तुरी सासूबाईंच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसली. म्हणाली, "आई, माझ्या लग्नात मिरजेच्या काकूंनी तांदळाचं ताट आणलं होतं. तुम्ही ते उचलून आत नेऊन ठेवलंत. तेव्हा मला वाटलं होतं, तुम्ही मॉडर्न आहात." बाईंना रडू कोसळलं. मायराला काही कळेना, ती आजीला बिलगली.

परीक्षित आत आला तो फोन कानाला लावूनच. विमान कंपनीची लाइन लागायला चाळीस मिनिटं गेली. तेच ते संगीत वाजत होतं आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं. शेवटी एक बाई बोलली. परीक्षितनं फोन स्पीकरवर टाकला. तिनं स्वच्छ सांगितलं, तिकिटावरचं नाव बदलता येत नाही. बदल म्हणजे दुसरा प्रवासी, तिकीट रद्द करून नवं काढावं लागेल, आणि त्या विमानात आता जागा नाही. हां, मूळ नावातली चूक असेल तर दुरुस्ती होऊ शकते. तेव्हा तुमचं नक्की काय आहे, बदल की दुरुस्ती?

परीक्षितनं आईकडे पाहिलं. मी टेबलावर उघडा पडलो होतो.

"करेक्शन," तो म्हणाला. "इट्स अ करेक्शन."

स्पेलिंग विचारलं तेव्हा पठ्ठ्याला येईना. व्ही झाल्यावर अडला. बाईंनी डोळे पुसले, फोन आपल्याकडे ओढला आणि दवाखान्यात सांगायच्या तशी एकेक अक्षर ठणठणीत आवाजात सांगितलं.

पण प्रकरण तिथं मिटलं नव्हतं. डीड पोलची प्रत पाठवा, तीन दिवसांत कळवू, असं उत्तर मिळालं. ते तीन दिवस विचारू नका. बॅगा अर्ध्या भरून ठेवल्या होत्या. बाई दर तासाला फोन उघडायच्या. परीक्षित रोज संध्याकाळी फोन करायचा, पण बोलायचा कमी. त्याचा राग गेलाय की नाही, बाईंना कळत नव्हतं आणि विचारायचं धाडस होत नव्हतं. तिसरा दिवस गेला, चौथाही गेला. पाचव्या दिवशी दुपारी ईमेल आलं. दुरुस्त केलेल्या तिकिटावर वैजयंती रिसबूड. परीक्षितनं ते ग्रुपवर टाकलं, खाली एक शब्दही न लिहिता.

आज सकाळी हीथ्रोवर आमची रांग पुढे सरकली. काउंटरवरच्या मुलीनं चौघांचे पासपोर्ट घेतले आणि एकेक नाव वाचायला लागली. माझं पान उघडून ती अडखळली, मग तोडकंमोडकं पण पूर्ण वाचलं. "वैजयंती?"

कुणी ओ दिली नाही. बाई मायराच्या बॅगेची चेन लावत होत्या. मुलीनं पुन्हा विचारलं, आता जरा संशयानं. मला घाम फुटायचा तेवढा बाकी होता. सगळं जुळत होतं, नाव, नंबर, फोटो, आणि नावाची धनीणच गप्प! सत्तेचाळीस वर्षांत कुणी हाक मारलेली नाही, कानांना सवय राहणार कुठून?

परीक्षितनं आईच्या खांद्याला हात लावला. "वैजयंती," तो हळूच म्हणाला. "आई, तुलाच बोलावतायत."

बाईंनी आधी त्याच्याकडे पाहिलं. मग काउंटरकडे वळून म्हणाल्या, "हो. मीच."

आता मी त्यांच्या पर्समध्ये आहे, विमान सुटायला अजून तासभर आहे. दहा वर्षांचं आयुष्य मला मिळालंय. त्यात जो कुणी मला उघडेल त्याला एवढंच मागणं आहे. नाव मोठ्यानं वाचा, आणि लगेच उत्तर आलं नाही तर रागावू नका, पुन्हा एकदा वाचा. बाईंना ओ द्यायला अजून जरा वेळ लागतो.