करोंदचा लेखन-निवास

सरोवर मराठी लेखक मंडळाला भोपाळमध्ये कोणी विचारत नसे, पण मंडळ सगळ्यांना विचारत असे. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी कथावाचन, जूनमध्ये कार्यशाळा, दिवाळीला स्मरणिका, आणि वर्षभर 'लेखकाशी चहा'. त्यातला लेखक बहुतेक वेळा सचिव दिगंबर मुळ्येच असत आणि चहा ज्याने त्याने घरूनच पिऊन यायचा असे. बँकेतून निवृत्त झाल्यापासून मुळ्यांच्या अंगात उपक्रम संचारले होते. मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, एकेचाळीस सुप्रभातांच्या मधोमध, नवा उपक्रम टाकला: 'लेखन-निवास. एका लेखकास सहा दिवस विनामूल्य निवास व भोजन. अट एकच. सातव्या दिवशी नवी कथा वाचून दाखवणे.'

अर्ज तीन आले. पहिले अर्जदार ऑस्ट्रेलियात मुलाकडे होते आणि तिथूनच भाग घेता येईल का, असं विचारत होते. दुसऱ्यांनी 'एसी अत्यावश्यक' लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. तिसरा अर्ज मंजूषा चांदोरकरांचा होता, म्हणून त्यांची एकमताने निवड झाली.

मंजूषाताईंनी तेहतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं होतं आणि तेवढ्याच काळात चार कथा लिहिल्या होत्या. चारही कथांना मंडळात 'छान' म्हटलं गेलं होतं. मंडळात सगळ्यालाच छान म्हणत. एकदा चुकून कोणीतरी किराण्याची यादी वाचली होती, तिलाही म्हणाले होते.

"लेखन-निवास कुठे आहे म्हणे? पचमढीच्या डोंगरात?" अंबरीशरावांनी विचारलं. हे त्यांचे यजमान, कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनियर. निवृत्तीनंतर घरातली प्रत्येक गोष्ट कुठे ठेवली आहे हे बायकोला विचारणं, हा त्यांचा पूर्णवेळ उद्योग झाला होता.

"करोंदला."

"करोंदला लोक गहू घ्यायला जातात."

"मी लिहायला जातेय."

"आई, यार, इंद्रपुरी ते करोंद अर्धा तास पण नाही लागत," मुलगा प्रतीक लॅपटॉपवरून नजर न काढता म्हणाला. "घरीच लिही ना. शांतीसे. मी हेडफोन लावतो."

"हेडफोन लावून तू चहा मागतोस तो जास्त जोरात मागतोस," असं म्हणून मंजूषाताईंनी बॅग उचलली.

निवास म्हणजे विश्वनाथराव कानड्यांच्या घराचा वरचा मजला. विश्वनाथराव करोंद मंडीतले आडते. तीन पिढ्या धान्याचा व्यापार, आणि मंडळाचे आजीव सभासद. खाली पोत्यांचं गोदाम, मधे घर, वर एक खोली. खोलीत खाट, टेबल, खुर्ची, पाण्याचा माठ आणि खिडकी. खिडकीतून ट्रॉल्यांची रांग दिसे आणि सकाळी लिलावाची बोली ऐकू येई. नव्या गव्हाचा हंगाम होता. हवेत इतका भुसा होता की मंजूषाताईंना पहिल्या तासात अकरा शिंका आल्या. त्यांनी त्या मोजल्या. सवय.

निर्मलाताईंनी, म्हणजे विश्वनाथरावांच्या पत्नीने, ताट वर आणून दिलं. मंजूषाताई सवयीने उठून ताट धुवायला निघाल्या, तर त्यांनी ते हातातून काढूनच घेतलं.

"खाली यायचं नाही. तुम्ही लेखिका आहात."

हे वाक्य मंजूषाताईंना आयुष्यात पहिल्यांदा कोणी म्हटलं होतं. त्या इतक्या सुखावल्या की दुपारी तीन तास झोपल्या.

साडेपाचला मंडी उठली आणि जिन्यावर पावलं वाजली. विश्वनाथराव आले. अंघोळ करून, कपाळाला गंध, धुतलेला सदरा, आणि काखेत लाल कापडात बांधलेलं एक बाड.

"ताई, डिस्टर्ब तर नाही ना केलं? आपण लिखापढीवाले माणसं. म्हटलं, जरा देवाणघेवाण करू."

देवाण झाली, घेवाण नाही. बाडात 'गोधूमायन' नावाचं महाकाव्य होतं. नायक गहू. बारा कांडं, एक हजार नऊशे बारा ओव्या. विश्वनाथरावांनी मांडी घातली, घसा खाकरला आणि पेरणीकांड सुरू केलं.

"बीज पडे काळ्या माती । वरी ढगांची आरती । गोधूम बोले पृथ्वीप्रती । उघड दार ।।"

बरं आहे की, मंजूषाताईंना वाटलं. चाळिसाव्या ओवीपर्यंत वाटत राहिलं. पृथ्वीने दार शंभराव्या ओवीला उघडलं. साडेसातला विश्वनाथरावांनी बाड बांधलं तेव्हा गव्हाला नुकता कोंब फुटला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंजूषाताईंनी कागदावर तारीख घातली आणि तिच्याकडे पाहत बसल्या. संध्याकाळी पुन्हा पावलं. त्या दिवशी गव्हाला पाणी देण्याचं कांड होतं. ते इतकं लांबलं की मंजूषाताईंचा डोळा लागला, आणि हनुवटी छातीला टेकली तेव्हा त्या दचकून जाग्या झाल्या. विश्वनाथराव डोळ्यांत पाणी आणून बघत होते.

"ताई," ते हळू आवाजात म्हणाले, "समाधी लागली होती तुमची."

तिसऱ्या दिवशी सकाळी निर्मलाताई चहा घेऊन आल्या, तेव्हा मंजूषाताईंनी त्यांना बसवून घेतलं.

"तुम्ही ऐकलंय का हो सगळं?"

"मी?" निर्मलाताईंनी दाराकडे पाहिलं आणि खुर्ची पुढे ओढली. "लग्नाला छत्तीस वर्षं झाली. पहिली चार ऐकलं. मग मी शिलाई मशीन घेतलं. जुनं, पायाचं. त्याचा आवाज असा होता की शेजारचे भांडायला यायचे. हे वाचायला बसले की मी ब्लाउज शिवायला बसायची. अख्ख्या करोंदचे ब्लाउज शिवले असतील मी."

"आणि आता?"

"मागच्या वर्षी मुलाने प्रेमाने मोटरचं मशीन आणलं." त्यांनी सुस्कारा सोडला. "आवाजच येत नाही त्याचा."

मंजूषाताईंच्या डोक्यात हळूहळू काहीतरी जुळायला लागलं.

"ही खोली मंडळाला द्यायची कल्पना कोणाची?"

निर्मलाताईंनी चहाचा कप पुढे सरकवला. "मुळ्येभाऊजींना मीच फोन केला. म्हटलं, काहीतरी नाव द्या. पण माणूस पाठवा."

मंजूषाताईंना राग आला. म्हणजे निवड झाली ती कथांवर नाही, कानांवर. त्या बॅग भरायला उठल्याच होत्या, तेवढ्यात फोन वाजला. अंबरीशराव.

"अगं, जिरं कुठे आहे?"

"मिसळणाच्या डब्यात."

"आणि मिसळणाचा डबा?"

मंजूषाताईंनी फोन ठेवला आणि खाटेवर बसून सरळ हिशेब केला. इथे रोज दोन तास गहू. घरी रोज सोळा तास जिरं. त्यांनी बॅगेतून साडी पुन्हा बाहेर काढली. मग अचानक हसू फुटलं, आणि निर्मलाताईंनाही फुटलं. खाली लिलावात गुंतलेली माणसं वर बघायला लागली इतक्या दोघी हसल्या.

पण गणिताच्या बाईंनी तेहतीस वर्षांत एकही चुकीचं उत्तर बरोबर धरलेलं नव्हतं, आणि त्या संध्याकाळी गोणीविलाप निघाला. शेतकऱ्याच्या घरून निघताना सतरा गोण्या रडतात. एकीमागून एक. नवव्या गोणीला मंजूषाताईंनी हात वर केला.

"विश्वनाथराव, हे वाईट आहे."

विश्वनाथरावांना आधी नीट कळलंच नाही. "दुःखद आहे ना? मीही लिहिताना..."

"दुःखद नाही. वाईट. एक गोणी रडली असती तर मीही रडले असते. सतरा रडायला लागल्या, तर मी मोजत बसले."

विश्वनाथरावांनी बाड बांधलं, गाठ दोनदा सुटली, तिसऱ्यांदा बसली. मग जिना उतरून गेले.

चौथ्या दिवशी, गुरुवारी, कोणी आलं नाही. साडेपाचला मंजूषाताई पेन हातात घेऊन पावलांची वाट बघत बसल्या आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली. निर्मलाताईंनी वर येऊन सांगितलं, "सकाळपासून जेवले नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडलेत. दुकान पण मुनीमजींवर सोडलं. काय बोललात तरी काय?"

"खरं बोलले."

"अरे देवा," निर्मलाताई म्हणाल्या.

मंजूषाताईंना कसंसंच झालं. बाप्याने जन्मभर गहू विकला, चाळीस वर्षं गायला, आणि आपण फुकटचं जेवून त्याला आडवा केला. उद्या माफी मागायची आणि उरलेल्या आठ गोण्या ऐकायच्या, असं त्यांनी ठरवलं.

शुक्रवारी सकाळी आठला विश्वनाथराव स्वतःच आले. दाढी वाढलेली, एका हातात बाड, दुसऱ्या हातात पेन्सिल.

"कुठे कुठे वाईट आहे, सांगा," ते म्हणाले. "चाळीस वर्षं 'वाह वाह' ऐकतोय. मंडीत असं कोणी वाह वाह केलं की मी समजतो, हा उधारी मागणार. कवितेतच का नाही समजलं मला?"

दुपारपर्यंत दोघांनी सोळा गोण्या गप्प केल्या. ओवी कापली की विश्वनाथराव दात उपटल्यासारखा चेहरा करत, पण पेन्सिल थांबवत नसत. जेवणाआधी त्यांनी हात पुसले आणि म्हणाले, "आता तुमचं दाखवा."

मंजूषाताईंनी नाही-हो करत आपली चौथी कथा काढून दिली, स्मरणिकेत आलेली. विश्वनाथरावांनी ती सावकाश वाचली. मग खिशातून परखी काढली, पोत्यात खुपसून आतले दाणे बाहेर काढून बघायची ती टोकदार नळी, आणि कथेवर ठेवली.

"ताई, राग नका मानू. वरचे दाणे चोख आहेत. बाईचं घर, खिडकी, तिचं एकटेपण, सगळं साफसुथरं. पण मी आत नळी घातली, तर तिथेही हेच. या बाईच्या आयुष्यात काहीच होत नाही. ती पहिल्या ओळीत उदास आहे, शेवटच्या ओळीत पण उदास. मग मी मधली पाच पानं कशाला वाचली?"

चार कथांमध्ये पहिल्यांदाच कोणीतरी 'छान' सोडून दुसरा शब्द वापरला होता. मंजूषाताईंचे कान गरम झाले. विश्वनाथराव जेवायला गेल्यावर त्या माठातलं दोन भांडी पाणी प्यायल्या आणि त्यांनी कथा पुन्हा वाचली. माणसाचं बरोबर होतं. बाई पाचही पानं नुसती खिडकीत उभी होती. हिला कोणी बसायलाही सांगितलं नव्हतं.

काहीतरी घडलेली गोष्ट हवी, तर ती त्यांच्याजवळ होती. फक्त त्यांची नव्हती. संध्याकाळी त्यांनी निर्मलाताईंना विचारलं.

"तुमच्या शिलाई मशीनची गोष्ट लिहू का? खोलीसकट?"

निर्मलाताईंनी पदर खोचला. "लिहा. पण गहू नको. तांदूळ करा."

"अहो, ते ओळखतील."

"छत्तीस वर्षं ओळखते मी त्यांना. तांदूळ करा."

रविवारी बिट्टन मार्केटजवळच्या एका भाड्याच्या हॉलमध्ये बावीस माणसं जमली, त्यात अंबरीशराव आणि प्रतीकही. मुळ्यांनी प्रास्ताविकात लेखन-निवासाची तुलना गुरुकुलाशी केली. मग मंजूषाताईंनी कथा वाचली. रायपूरच्या एका तांदळाच्या व्यापाऱ्याची. तो तांदळावर महाकाव्य लिहितो, बायको आवाज करणारी मशीनं बदलत जाते, आणि शेवटी घरातली एक खोली साहित्यसेवेला देऊन टाकते. दुसऱ्या पानावर पहिली हसण्याची लाट आली. चौथ्या पानावर मुळ्ये चष्मा काढून डोळे पुसत होते, आणि प्रतीकने कोणी न सांगता मोबाइल खिशात घातला होता.

सगळ्यांत जोरात हसत होते विश्वनाथराव. खुर्चीवर मागे रेलून, मांडीवर थापा मारून.

"काय नमुना आहे!" कथा संपल्यावर ते उभे राहून म्हणाले. "तांदळावर कोणी महाकाव्य लिहितं का? तांदळात आहे काय लिहिण्यासारखं?"

निर्मलाताई शेजारी बसून समोर बघत होत्या. चेहऱ्यावर रेघही हलली नाही. मग टाळ्या झाल्या, आणि गंमत म्हणजे कोणीही 'छान' म्हटलं नाही. एका बाईंनी येऊन विचारलं, "त्या बायकोचं पुढे काय झालं हो?" मंजूषाताईंना त्या प्रश्नाचाच फार आनंद झाला.

चहाच्या वेळी निर्मलाताई मुळ्यांच्या टेबलाशी गेल्या आणि पुढच्या निवासाचा अर्ज मागितला.

"वहिनी, तुम्ही लिहिता? बोलला नाहीत कधी!"

"नाही लिहीत."

"मग अर्ज कशाचा?"

"निवासाचा."

मुळ्यांनी नियमावली उलटीपालटी करून पाहिली. लिहिणाराच हवा, असं कुठेतरी असणार, याची त्यांना खात्री होती. मंजूषाताईंनी मधेच कागद बाजूला सारला.

"अर्ज राहू द्या, निर्मलाताई. आमच्याकडे या. प्रतीक हॉलमध्ये झोपेल."

"मी?" प्रतीक म्हणाला.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात निर्मलाताई खरंच इंद्रपुरीला आल्या, एक पिशवी आणि कैरीचं लोणचं घेऊन. अंबरीशरावांनी पहिल्याच दिवशी त्यांना चहा करून दिला. साखर कुठे आहे, हे त्यांना आता माहीत झालं होतं. चार दिवसांचं ठरलं होतं, त्या सहा दिवस राहिल्या. सकाळी दहापर्यंत झोपत. उठल्यावर गॅलरीत खुर्ची टाकून बसत आणि कोणाशीही काहीही बोलत नसत. मंजूषाताई आत टेबलाशी बसून नवी कथा लिहीत. एकदा त्यांनी दारातून डोकावून विचारलं, "काही वाचायला देऊ?"

"नको," निर्मलाताई म्हणाल्या आणि पाय कठड्यावर टाकले.